कपाशीपासून काडतुसापर्यंत: रायफलीची दारू कशी निवडतात

जिनिंगमध्ये रुई सुटी झाली की मागे सरकी उरते. सरकीचं तेल निघतं, ढेप गुरांपुढे जाते, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. पण तेलासाठी जाण्याआधी सरकीच्या अंगावर एक आखूड लव शिल्लक असते. ती यंत्रावर खरवडून काढतात, तिला लिंटर म्हणतात. सूत निघणार नाही इतकी आखूड, पण सेल्युलोज म्हणून जवळजवळ शुद्ध. ही लव स्वच्छ करून नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणातून काढली की तिचं नायट्रोसेल्युलोज होतं. दिसायला तोच कापूस, पण काडी लावली की भप्पकन संपतो, मागे राखसुद्धा राहत नाही. आज जगभर रायफलीच्या काडतुसात जी दारू भरतात, तिचा पाया हा आहे.

हा विषय निघाला तो माझ्या भाच्यामुळे. पोरगा भुसावळचा, नोकरीला अमेरिकेत, मोंटाना राज्यात. तिथे रीतसर परवाना घेऊन हंगामात हरणाची आणि एल्क नावाच्या मोठ्या सांबरासारख्या प्राण्याची शिकार करता येते, आणि बरेच शिकारी आपली काडतुसं घरीच भरतात. तोही शिकायला लागला. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेलं, म्हणून त्याने फोन करून विचारलं, "मामा, दुकानात पावडरच्या डब्यांची भिंतच्या भिंत आहे. त्यातली सगळ्यात जोरदार कोणती घेऊ?"

प्रश्न स्वाभाविक आहे, पण मुळातच चुकीच्या जागी उभा आहे. तो नीट उभा केला की बाकीचं आपोआप समजत जातं.

त्याआधी आपल्याकडची गोष्ट स्पष्ट सांगतो. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे गुन्हा आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे हौसेची शिकार बंद आहे. सातपुड्यात काय आणि अजिंठ्याच्या डोंगरात काय, डुकरांनी मका लोळवला तरी वनखात्याकडेच जावं लागतं. आपल्याकडे काडतुसं बनतात ती कारखान्यात. त्यातला एक तर आपल्या उंबरठ्यावरच आहे. वरणगावची आयुध निर्माणी १९६४ पासून लष्करासाठी रायफलीची काडतुसं बनवते. त्या गावातल्या कितीतरी घरांत पुंगळी, टोपी, ग्रेन हे शब्द रोजचे आहेत. तेव्हा पुढचं सगळं वाचायचं ते समजून घेण्यासाठी. करायचं असेल तर जिथे कायद्याने मुभा आहे तिथेच.

काडतुसाचे चार भाग. पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली टोपी म्हणजे प्रायमर, पोटातली दारू आणि तोंडावर बसवलेली गोळी. गोळी उडाल्यावर पुंगळी शाबूत राहते. ती साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू मोजून ओतायची, वर नवी गोळी दाबून बसवायची, याला रिलोडिंग किंवा हँडलोडिंग म्हणतात. साचा आणि टोपी यांत फारशी निवड नसते. निवडीचा खरा पेच दारूपाशी येतो.

आता भाच्याचा प्रश्न. रायफलीच्या दारूंमध्ये जोराचा फरक असतो, नाही असं नाही. काही निव्वळ नायट्रोसेल्युलोजच्या असतात, काहींत नायट्रोग्लिसरीनही मिसळलेलं असतं. दुसऱ्या जातीत वजनामागे ऊर्जा थोडी जास्त. पण हा फरक लहान आहे. मोठा फरक आहे तो जळण्याच्या वेगात. डब्यांच्या त्या भिंतीत दारू जोरदार आणि कमजोर अशी लावलेली नसते, ती लवकर जळणारी आणि सावकाश जळणारी अशी असते. आणि लांब पल्ल्याच्या शिकारी रायफलीत सर्वात वेगवान गोळी बहुधा सावकाश जळणाऱ्या दारूनेच मिळते. भाच्याला हे ऐकून पटेना. तुम्हालाही पटणार नाही कदाचित, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टोपी पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतचा सगळा खेळ एक-दीड मिलिसेकंदाचा. टोपी पेटते, तिची ज्वाळा दारूत शिरते, दारूचा वायू होतो, दाब चढतो, गोळी पुंगळीतून सुटते आणि नळीतल्या आट्यांत, म्हणजे आतून कोरलेल्या पिळदार खाचांत घुसते. गोळी पुढे सरकली की तिच्यामागची जागा वाढते. म्हणजे एकीकडे वायू तयार होऊन दाब वाढवतोय आणि दुसरीकडे गोळी पळून जागा वाढवून दाब उतरवतेय. दाबाची कमाल गाठली जाते तेव्हा गोळी जेमतेम काही सेंटिमीटर पुढे गेलेली असते. रायफलीचं पोलाद आणि पुंगळीचं पितळ किती दाब सोसेल याला मर्यादा आहे. थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे .३०-०६ या १९०६ सालच्या आणि अजूनही अमेरिकेत लाडक्या असलेल्या काडतुसासाठी ती मर्यादा ६०,००० पीएसआय ठरवलेली आहे, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट.

लवकर जळणारी दारू हा शिखराचा दाब झटक्यात गाठते आणि संपते. गोळी नळीचा उरलेला रस्ता जवळजवळ आधीच्या धक्क्यावर कापते. सावकाश जळणारी दारू तेवढंच शिखर गाठते, पण उतरताना हळू उतरते, कारण गोळी निम्म्या नळीत असतानाही मागून नवा वायू येतच असतो. शिखर तेवढंच, ढकलणं मात्र जास्त वेळ. शिवाय शिखर न ओलांडता तिची मात्राही जास्त भरता येते, म्हणजे एकूण ऊर्जाही जास्त. म्हणून गोळीचा वेग जास्त.

मग दारूच्या जळण्याचा वेग बदलतात कसा? भरीत करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. वांगी भाजायला कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्या लावतात, बाभळीचं खोड लावत नाहीत. लाकूड ते लाकूडच, पण काडीला वजनाच्या मानाने पृष्ठभाग भरपूर, म्हणून ती धडाधड जळून जाते. खोड रात्रभर धुमसतं. दारूही पृष्ठभागावरूनच थराथराने जळते. बारीक, पातळ दाणे लवकर संपतात, जाड दाणे सावकाश.

ही गोष्ट ज्याने पहिल्यांदा साधली तो पॉल व्हिएय हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. स्फोटक कापूस १८४६ मध्ये शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधल्या बाझलला शोधला होता, पण तो तसाच बंदुकीत भरला की नळ्या फुटायच्या. कापसाचा तंतू पोकळ आणि विस्कळीत, आग आतबाहेर एकदम पसरायची. व्हिएयने १८८४ मध्ये तो ईथर-अल्कोहोलात मळून त्याची कणकेसारखी लुकदी केली, पातळ पत्रे लाटले आणि त्यांचे तुकडे केले. आता आग फक्त वरच्या थरावरून आत सरकणार, आणि तुकड्याची जाडी ठरवली की जळण्याचा वेळ ठरला. दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याची लेबेल रायफल ही दारू घेऊन मैदानात उतरली. त्याआधीची काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधकाची. तिचा निम्म्याहून जास्त भाग धूर आणि काजळी होऊन वाया जायचा.

आजच्या रायफलीच्या दारूत दोन आकार मुख्य. एक बारीक नळकांडीचा, शेवयांचे तुकडे करावेत तसा दिसणारा, बहुधा मधून बारीक भोक असलेला. भोक शोभेला नाही. दाणा बाहेरून जळत लहान होतो तेव्हा बाहेरचा पृष्ठभाग घटतो, पण भोक आतून जळत मोठं होतं आणि तिथला पृष्ठभाग वाढतो. दोन्ही मिळून जळणारं क्षेत्र जवळपास सारखं राहतं. दुसरा आकार गोल मणी किंवा चपटा केलेला मणी, ज्याला बॉल पावडर म्हणतात. मण्याला असं भोक नाही, तो जळत जातो तसा नुसता आक्रसतो. म्हणून त्याच्यावर अशा रसायनाचा लेप मुरवतात की सुरुवातीचा थर मंद जळावा. नळकांडीच्या दाण्यांनाही असा लेप देतात. वरून ग्राफाइटचा मुलामा, त्यानेच दारूला ती करडी-काळी चकाकी येते.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण सगळे अपघात तिच्याभोवती फिरतात. दारूचा जळण्याचा वेग ठरलेला नसतो, तो दाबाबरोबर वाढतो. उघड्यावर चिमूटभर दारू पेटवली तर ती पिवळी ज्योत करून शांतपणे जळते, स्फोट होत नाही. तीच बंद पुंगळीत असली की दाब चढतो, दाब चढला की वेग वाढतो, वेग वाढला की दाब अजून चढतो. हे चक्र गोळीच्या पळण्याने आवरतं. गोळीसाठी फार लवकर जळणारी दारू निवडली तर चक्र गोळीच्या पुढे निघून जातं. पिस्तुलाची दारू रायफलीच्या पुंगळीत चुकून भरणाऱ्याच्या हातात रायफल फुटते ती यामुळे. उलट चूक म्हणजे फार सावकाश दारू. मग दाब पुरेसा चढत नाही, बरेच दाणे न जळताच नळीच्या तोंडातून बाहेर पडतात, गोळी ढिली जाते, नळी घाण होते.

म्हणून दारू निवडताना पहिला विचार पुंगळीच्या पोटाचा आणि नळीच्या भोकाचा. पोट मोठं आणि भोक लहान असेल तर दारू सावकाश हवी. पोट लहान किंवा भोक रुंद असेल तर लवकर जळणारी. .३०८ विंचेस्टर, .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या तिन्हींची गोळी एकाच व्यासाची, पण पोट चढत्या क्रमाने मोठं. त्यामुळे पहिलीला मध्यम वेगाची दारू जुळते, दुसरीला थोडी मंद, तिसरीला आणखी मंद. १८७३ च्या जुन्या .४५-७० ला सरळसोट पुंगळी आणि रुंद भोक, तिथे तुलनेने लवकर जळणारी दारूच चालते. दुसरा विचार गोळीच्या वजनाचा. जड गोळी सावकाश हलते, जागा उशिरा करून देते, म्हणून तिच्यामागे दारूही मंद लागते.

भाच्याकडे .३०-०६ आहे, नळी २४ इंची. त्याला हवा होता एल्क, म्हणजे जड जनावर, म्हणून त्याने १८० ग्रेनची गोळी ठरवली. ग्रेन हे वजनाचं माप, ६५ मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या सराफाच्या गुंजेच्या साधारण निम्मं. मी त्याला सांगितलं, आधी दारूचा डबा उचलू नकोस, आधी भरण्याचं पुस्तक उघड. गोळी आणि दारू बनवणाऱ्या कंपन्या प्रयोगशाळेत दाब मोजून अशी कोष्टकं छापतात: अमुक पुंगळी, अमुक गोळी, अमुक टोपी, अमुक दारू, सुरुवातीची मात्रा इतकी आणि कमाल इतकी, वेग इतका. त्याने फोनवर वाचून दाखवलं. १८० ग्रेनसमोर ४०६४, ४३५०, ४८३१ अशा नावांच्या दारू होत्या. वेगात फार फरक नव्हता, पण ४३५० जातीची दारू सेकंदाला २,७०० फुटांच्या आसपास नेत होती आणि तिची मात्रा पुंगळीत जवळजवळ गळ्यापर्यंत येत होती. हे दुसरं लक्षण मी मोलाचं मानतो. पुंगळी भरलेली असली की दारू आत हलत नाही, रायफल वर धरली काय नि खाली धरली काय, टोपीची ज्वाळा दर वेळी सारखीच लागते. आणि चुकून दोनदा ओतली गेली तर बाहेर सांडून आपणच ओरडतो. थोडीशीच दारू लागणारी जात निवडली तर दुप्पट मात्रा गुपचूप पोटात मावते.

नावांच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. या आकड्यांचा जळण्याच्या वेगाशी सरळ संबंध नाही आणि एकाच आकड्याच्या दोन दारू एक नसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ब्रूस हॉजडन या माणसाने सैन्याची उरलेली दारू स्वस्तात विकायला सुरुवात केली. त्यातली तोफगोळ्यांची एक दारू एच ४८३१ या नावाने रूढ झाली. पुढे आयएमआर या दुसऱ्या छापाची आयएमआर ४८३१ बाजारात आली, तीच संख्या, पण जळायला जास्त चपळ. एकीची कमाल मात्रा दुसरीच्या पुस्तकातून घेतली तर दाब मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. ४८९५ आणि ४३५० यांचंही असंच, एच आणि आयएमआर वेगळ्या. दुकानात जळण्याच्या वेगाचे तक्तेही मिळतात, वरपासून खालपर्यंत क्रम लावलेले. ते फक्त अंदाजासाठी. तक्त्यात शेजारी आहेत म्हणून एकीची मात्रा दुसरीला लावायची नाही.

आता उन्हाचं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि गाडीच्या बंद काचेआड त्याहून किती तरी वर. गरम दारू लवकर जळते, दाब चढतो. हे इंग्रजांना हिंदुस्थानात आल्यावर कळलं. त्यांची कॉर्डाइट नावाची दारू, नायट्रोग्लिसरीनने समृद्ध, इंग्लंडच्या थंडीत ठीक चालायची, इथे उन्हात तापलेल्या काडतुसांत दाब वाढून पुंगळ्या नळीत अडकायच्या. मोठ्या जनावरासमोर दुसरी गोळी भरता न येणं म्हणजे काय, ते सांगायला नको. म्हणून उष्ण देशांसाठी दारू कमी भरलेली वेगळी काडतुसं बनवली गेली. मोंटानात उलटा प्रकार आहे: लोक ऑगस्टच्या उन्हात मात्रा ठरवतात आणि नोव्हेंबरच्या बर्फात शिकारीला जातात. थंडीत वेग घटतो, दूरवर गोळी खाली लागते. उलट थंडीत कमालीपर्यंत नेलेली मात्रा उन्हाळ्यात घातक ठरू शकते. अलीकडे तापमानाने फारशा न बदलणाऱ्या दारू निघाल्या आहेत. एच ४३५० त्यातलीच. ती बनते ऑस्ट्रेलियात. शिकारीसाठी थोडा वेग गेला तरी चालेल, पण दारू ऋतूबरोबर बदलणारी नको, असं माझं ठाम मत आहे. जनावर जखमी होऊन रानात जाणं ही वाईट गोष्ट, आणि ती टाळण्यात वेगापेक्षा गोळी दर वेळी त्याच जागी लागण्याचा वाटा मोठा.

मोजण्याच्या दृष्टीने बॉल पावडर सुखाची. मण्यांसारखी मापातून सरसर पडते, मात्रा सारखी येते. लांब नळकांडीची दारू मापाच्या कडेला अडकते, दाणे कटकट तुटतात, मात्रा थोडी कमीजास्त होते. म्हणून काही दारूंचे दाणे मुद्दाम आखूड कापून विकतात. भाच्यासारखा हंगामात मोजकी काडतुसं भरणारा असेल तर त्याने प्रत्येक मात्रा काट्यावरच तोलावी. वेळ जातो, जाऊ द्यावा.

पुस्तकातल्या कमाल मात्रेपासून कधी सुरू करायचं नाही. सुरुवातीची मात्रा साधारण दहा टक्के कमी असते, तिथून थोडी थोडी चढायचं आणि दर टप्प्याला पुंगळी बघायची. टोपीचा काठ सपाट पसरला, पुंगळीच्या बुडावर चकचकीत ठसा उमटला, बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, उचलायला जड गेला, तर तिथेच थांबून खाली यायचं. पण ही चिन्हं दिसेपर्यंत दाब बऱ्याचदा मर्यादा ओलांडून गेलेला असतो, म्हणून वेग मोजायचं यंत्र ठेवावं. पुस्तकात लिहिलेल्या वेगापेक्षा आपला वेग जास्त येत असेल तर दाबही जास्त आहे, फुकट काही मिळत नसतं. पुंगळीची कंपनी बदलली, टोपी बदलली, शिशाच्या गाभ्याऐवजी निव्वळ तांब्याची गोळी घेतली, की पुन्हा खालून सुरुवात. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत खोल बसून दारूची जागा खाते. लष्कराच्या पुंगळ्यांचं पितळ बऱ्याचदा जाड, पोट लहान, तिथेही मात्रा कमी करावी लागते. आणि जसं कमालीच्या वर जायचं नाही तसं मंद दारूत पुस्तकातल्या किमान मात्रेच्या खालीही जायचं नाही. मोठ्या पुंगळीत अगदी थोडी मंद दारू ठेवली की ती कधी कधी नीट न पेटता अचानक दाबाचा उसळता झटका देते, हे नोंदलेलं आहे.

टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा असावा. मापात उरलेली दारू त्याच डब्यात परत घालायची. कोणती दारू आहे हे खात्रीने सांगता येत नसेल तर ती वापरायची नाही, डबा कितीही भरलेला असो. दोन दारू मिसळणं तर मुळीच नाही. नायट्रोसेल्युलोज वर्षानुवर्षं हळूहळू स्वतःच विघटित होत असतं. त्यातून निघणारी आम्लं शोषायला डायफेनिलअमाइनसारखं द्रव्य घातलेलं असतं, ते संपलं की दारू बिघडते. डबा उघडल्यावर ईथरसारखा गोडसर वास यायला हवा. नाकाला झोंबणारा आंबट वास, तांबूस वाफ किंवा गंजाच्या पुडीसारखी धूळ दिसली तर ती दारू गेली. डबा गार, कोरड्या जागी, मूळ पॅकिंगमध्ये ठेवायचा. लोखंडी घट्ट पेटीत कोंडायचा नाही, कारण आग लागलीच तर पेटीच पुंगळीचं काम करते.

भाच्याने शेवटी एच ४३५० चा एक पौंडाचा डबा घेतला. डब्याच्या बुडाशी लॉट नंबर छापलेला असतो, तो वहीत लिहून ठेवायला मी सांगितलं. पुढचा डबा वेगळ्या लॉटचा आला, तर नाव तेच असलं तरी मात्रा थोडी उतरवून पुन्हा चढत जायचं आहे.